‘नाही आवडलं’ म्हणायची चोरी कशाला?

ताई, नमस्कार.

मी नाशिकला राहते. वय ४३. अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. आम्हा आठ जणींची पुस्तक भिशी आहे. दर महिन्याला प्रत्येकी ३०० रुपये काढायचे, जिच्या नावाची चिठ्ठी निघेल तिनं त्या २,४०० रुपयांची पुस्तकं घ्यायची आणि वाचून झाल्यावर त्यांच्याबद्दल बोलायचं. दिवाळीच्या आधी माझी चिठ्ठी निघाली. लहानपणी वाचनालयातून आणलेलं पुस्तक मी एका दिवसात संपवायचे, त्यामुळे हरखून गेले होते. मैत्रिणींना विचारून पाच पुस्तकं आणली.

‘कोसला’ची साठ पानं वाचली. तेच तेच, वगैरे वगैरे, आणि त्या मुलाचं रडगाणं. आमच्यातल्या एकीचं हे सगळ्यात लाडकं पुस्तक. ‘मृत्युंजय’ दहावीच्या सुट्टीत वाचून मी रडले होते, जुनी प्रत हरवली म्हणून मुद्दाम नवी घेतली. आता दर परिच्छेदाला उपमा, दर पानावर सूर्य. शंभराव्या पानावर ठेवून दिलं, आणि त्या दिवशी खरंच वाईट वाटलं. एका परदेशी बेस्टसेलरचा अनुवाद दहा पानांपुढे सरकत नाही. यशस्वी कसं व्हावं याचं एक पुस्तक पूर्ण वाचलं, पण ते पहिल्या प्रकरणातच संपलं होतं. पाचवं, कथासंग्रह आहे, अजून प्लास्टिकमध्येच आहे. उघडायची भीती वाटते. आणि यातल्या एकाही पुस्तकात मला माझ्यासारखी बाई भेटली नाही.

भिशीत मी ‘छान आहेत सगळी’ म्हणून मोकळी झाले. आई म्हणायची, पानात वाढलेलं टाकायचं नाही आणि हातात घेतलेलं पुस्तक अर्धवट सोडायचं नाही. मोबाइलनं माझं डोकं बिघडलंय का? दोष माझा की पुस्तकांचा? की माझं वाचनच संपलं?

– एक वाचक, नाशिक

प्रिय मैत्रीण,

तुमचं वाचन संपलेलं नाही, हे आधी सांगते. वाचन सुटलेल्या माणसाला पुस्तक आवडलं नाही याचं इतकं लागत नाही. तो ते कपाटात ठेवतो आणि विसरून जातो. तुमच्या पत्रात चार पुस्तकांबद्दल चार वेगळ्या तक्रारी आहेत आणि प्रत्येक तक्रार नेमकी आहे. मी बरीच वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं. ‘सदर कादंबरी वाचनीय असून’ अशी सुरुवात असलेल्या उत्तरपत्रिका गठ्ठ्यांनी तपासल्या. ‘दर पानावर सूर्य’ असं स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहिणारं कुणी क्वचितच भेटलं. असं बघता येणाऱ्या बाईनं भिशीत ‘छान आहेत सगळी’ म्हणावं, याचंच मला जास्त वाईट वाटलं. दोष कुणाचा, याचं एकच एक उत्तर मात्र नाही, कारण चारही पुस्तकांचं प्रकरण वेगळं आहे. जिथे जास्त दुखलंय तिथून सुरुवात करू.

‘मृत्युंजय’ आलं १९६७ साली. शिवाजी सावंत तेव्हा तिशीच्या आतले होते. कर्णाची गोष्ट त्यांनी कर्ण, शोण, दुर्योधन, वृषाली, कुंती आणि कृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून सांगितली आणि सहाही जणांना एकच भरजरी भाषा दिली. सोळाव्या वर्षी ती भाषा अंगात भिनते. त्या वयात आपली योग्यता कुणाला दिसत नाही असं प्रत्येकालाच वाटत असतं, आणि इथे तर जन्मापासून डावलला गेलेला, जातीवरून हिणवला गेलेला सूर्यपुत्र समोर उभा असतो. त्याच्यासाठी रडताना आपण थोडं स्वतःसाठीही रडत असतो. तुम्ही रडलात ते खरं होतं. आज त्याला कमीपणा आणायचं काही कारण नाही.

मधल्या वर्षांत तुम्ही नोकरी केलीत, संसार केलात, माणसं पाहिलीत. अन्याय झालेला माणूस दुसऱ्यावर अन्याय करतो, हेही पाहिलं असणार. द्यूतसभेत द्रौपदीबद्दल सगळ्यात हीन शब्द कर्णाच्याच तोंडून निघाले होते, हे सोळाव्या वर्षी नजरेआड होतं, त्रेचाळिसाव्या वर्षी होत नाही. मग उपमा कितीही तेजस्वी असली तरी मन विचारत राहतं, की हे सगळं खरं, पण त्या सभेचं काय? मला वाटतं तुमचा कंटाळा उपमांचा कमी आणि या न सुटलेल्या प्रश्नाचा जास्त आहे. भाषा सतत कर्णाची बाजू घेते, आणि तुम्हाला आता बाजू घेतलेली नको आहे, माणूस समजून घ्यायचा आहे.

हे पारखायचा एक सोपा मार्ग आहे. त्याच १९६७ साली इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ आलं. इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवायच्या, आणि पुस्तक आलं तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. भीष्म, गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण असं एकेक माणूस घेऊन त्या बोलतात आणि कुणालाही सूट देत नाहीत. वाक्यं साधी, कधी कधी टोचतील इतकी सरळ. एकाच वर्षी मराठीत दोन कर्ण आले, एक तरुणाच्या लेखणीतून आणि एक साठी उलटलेल्या बाईच्या. त्यातला दुसरा तुम्ही वाचावा असं मला मनापासून वाटतं. ‘मृत्युंजय’ची नवी प्रत मात्र घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात द्या. तिथे ती वाया जाणार नाही.

आता ‘कोसला’. मला स्वतःला हे पुस्तक फार प्रिय आहे, म्हणून थोडं सांभाळून लिहिते. भालचंद्र नेमाड्यांनी ते पंचविशीत लिहिलं आणि १९६३ साली ते छापून आलं. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला येतो, हॉस्टेलवर राहतो, धड काहीच न जमता घरी परततो. पहिल्याच वाक्यात तो आपलं वय सांगतो आणि त्यात मध्येच ‘उदाहरणार्थ’ हा शब्द घालतो. जिथे उदाहरणाचा काही संबंध नाही, तिथे. तुम्हाला जे खटकलं ते लेखकानं जाणूनबुजून केलेलं आहे. ‘वगैरे’, ‘उदाहरणार्थ’, तेच तेच बोलणं, कशालाच शेवटापर्यंत न नेणं ही त्या मुलाची स्वतःला लपवण्याची पद्धत आहे. म्हणजे तुमची नजर अगदी बरोबर जागी गेली होती. ती जागा तुम्हाला आवडली नाही, इतकंच.

मग १९६३ च्या वाचकांना ती का आवडली? त्यांच्या कानात त्या आधीची कादंबरी होती. फडके-खांडेकरांची घासूनपुसून लख्ख केलेली वाक्यं, ध्येयवादी नायक, जागोजागी सुविचार. त्या भाषेत वाढलेल्या तरुणांना अचानक हॉस्टेलच्या खोलीत बोलतात तशी मराठी छापलेली दिसली आणि ते हादरले. तुम्ही वाचायला बसलात तोवर त्याला साठ वर्षं होऊन गेली. या काळात ती बोलण्याची ढब किती कथा-कादंबऱ्यांत, नाटकांत आणि सदरांत शिरली याला गणती नाही. जो धक्का त्यांना बसला तो तुम्हाला बसणं कठीणच आहे. धक्का वजा करून जे उरतं त्यावर तुम्हाला पुस्तक जोखावं लागतं, आणि साठ पानांत ते तुम्हाला पुरेसं वाटलं नाही.

मोठं मानलेलं पुस्तक आवडलं नाही की आपणच कमी पडलो असं वाटतं. टॉलस्टॉयला शेक्सपिअर आवडत नसे. त्यानं तो रशियनमध्ये वाचला, इंग्रजीत वाचला, जर्मनमध्ये वाचला, पंचाहत्तरीला पोचल्यावर पुन्हा सगळा वाचून पाहिला, तरी कंटाळाच आला. १९०६ साली त्यावर त्याचा लांबलचक निबंध छापून आला. ‘किंग लिअर’चा एकेक प्रवेश घेऊन आपल्याला हे का पटत नाही, ते त्यानं त्यात सांगितलं आहे. मला त्याचं म्हणणं पटत नाही. पण नावडलेल्या लेखकासाठी इतकी मेहनत घेणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो. आपल्याकडेही बघा. खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, नेमाड्यांना २०१४ चं, आणि नेमाड्यांनी आपल्या समीक्षेत फडके-खांडेकर वळणाच्या कादंबरीचा कडक समाचार घेतलेला आहे. एकाच भाषेतले दोन ज्ञानपीठविजेते, आणि एकाला दुसऱ्याची परंपराच मान्य नाही! तुम्ही मात्र बक्षीस मिळालेलं प्रत्येक पुस्तक आवडून घ्यायला निघालात. नेमाड्यांना आधीची कादंबरी आवडली असती तर त्यांनी ‘कोसला’ कशाला लिहिली असती?

तरी एक विनंती. ‘कोसला’ कायमची ठेवून देण्याआधी त्यातला मनीचा भाग शोधून वाचा. पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं दगावते. पुस्तकात बराच पुढे आहे हा भाग, तुमच्या साठ पानांच्या पलीकडे. मधलं सगळं सोडून थेट तिथे गेलात तरी चालेल. तिथेही तो तसाच बोलतो, तेच तेच, अडखळत, पण आता त्या बोलण्यामागे काय दाबलेलं आहे ते कळतं. ती पानं वाचूनही काही हललं नाही, तर पुस्तक बंद करा. मग ‘कोसला माझ्यासाठी नाही’ असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि त्यावर वाद घालायला येणाऱ्याला माझ्याकडे पाठवा.

पत्र दुसऱ्यांदा वाचताना एक गंमत दिसली. तुम्हाला भरजरी भाषा नको आहे आणि सैल, पसरट भाषाही नको आहे. म्हणजे तुम्हाला काय हवं आहे ते बरंचसं ठरतं. थोडक्यात सांगणारं, दाखवणारं, लेखकानं मध्ये मध्ये न येता लिहिलेलं. असं लिहिणारे मराठीत आहेत, आणि त्यांत मी पहिलं नाव व्यंकटेश माडगूळकरांचं घेईन. ‘बनगरवाडी’ १९५५ ची. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवायला येतो आणि वाडीवर दुष्काळ येतो. पुस्तक लहान आहे आणि त्यात एक शब्द जास्तीचा नाही. वाचनालयातून आणा, एका रविवारची दुपार पुरेल. तेही नाही आवडलं तर माझा अंदाज चुकला असं समजा आणि मला कळवा. त्यातूनही तुमच्याबद्दल नवीन काहीतरी कळेल.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय, की एकाही पुस्तकात माझ्यासारखी बाई भेटली नाही. या तक्रारीला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. १८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची सभा भरायची होती आणि न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीराव फुल्यांना बोलावणं धाडलं. फुल्यांनी जायला नकार दिला आणि तो पत्र लिहून कळवला. माणसांचे हक्क ज्यांना उघडपणे मान्य करवत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही, असा त्या पत्राचा आशय. तुमच्या पुस्तकांत आमचं जगणं नाही, असं एका वाचकानं मराठीतल्या मोठ्या मोठ्या लेखकांना तोंडावर सांगितलं होतं. पुढे ज्यांचं जगणं त्या पुस्तकांत नव्हतं त्यांनी स्वतः लिहायला घेतलं आणि दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं. मध्ये बराच काळ गेला, पण नाराजी फुकट गेली नाही.

बायकांच्या बाबतीतही तेच. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह १९३३ साली आला, विभावरी शिरूरकर या टोपणनावानं. लिहिणाऱ्या होत्या मालतीबाई बेडेकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्नावाचून राहिलेल्या किंवा ठेवलेल्या मुलींच्या मनात काय चालतं हे त्यात छापलं गेलं आणि केवढी खळबळ माजली. ही विभावरी कोण, याचा शोध घेणं सुरू झालं. आज त्यातली भाषा जुनी वाटेल, पण कमावत्या मुलीचा पगार घरात सगळ्यांना कसा हवाहवासा होतो, हे वाचताना तुम्हाला अंबडहून घरी येतानाची बस आठवेल असं मला वाटतं. त्यांच्यानंतर गौरी देशपांडे आहेत, सानिया आहेत, मेघना पेठे आहेत. तिघींची वळणं अगदी वेगळी. गौरीबाईंच्या नायिका तुमच्यासारखं जगत नाहीत, पण मनातल्या मनात जे बोलायचं राहून जातं ते त्या बोलतात. सानियांच्या बायका शांत असतात आणि तरी आपल्या मतानं वागतात. मेघना पेठे काहींना झेपत नाहीत. तुम्हाला झेपतील असा माझा होरा आहे. तुमच्या यादीतल्या दोन मोठ्या कादंबऱ्या पुरुषांनी ऐन तारुण्यात, तरुण पुरुषांबद्दल लिहिलेल्या. पुस्तकं निवडून देणाऱ्या मैत्रिणींनी त्या कधी वाचल्या होत्या, हे त्यांना जरूर विचारा. बहुधा विशीत.

उरलेली दोन पटकन संपवते. यशाच्या पुस्तकाचं तुम्ही म्हणता तेच खरं आहे. एक लेखाएवढा ऐवज असतो आणि तो अडीचशे पानांवर पसरतात. ते रद्दीत द्या किंवा कुणाला हवं असेल तर देऊन टाका, त्यावर अजून एक मिनिट घालवू नका. अनुवादाचं एक पान मोठ्यानं वाचून पाहा. जीभ दर वाक्याला अडखळली, वाक्य संपल्यावर कर्ता कोण होता ते मागे जाऊन शोधावं लागलं, तर अनुवादच नीट झालेला नाही. मूळ लेखक चांगला असेलही, तुमची त्याची भेट अजून झालेलीच नाही. यापुढे अनुवादित पुस्तक घेताना मुखपृष्ठावरच्या ‘लाखो प्रती खपल्या’कडे बघू नका, अनुवादकाचं नाव बघा. शांता शेळक्यांचं ‘चौघीजणी’ मुलींच्या पिढ्यान् पिढ्या मराठी पुस्तक म्हणून वाचत आल्या, याचं श्रेय शांताबाईंच्या मराठीला आहे.

मोबाइलबद्दल. डोकं वगैरे काही बिघडलेलं नाही, पण तुम्ही वाचता कधी? पत्रात लिहिलेलं नाही, म्हणून अंदाज करते, की रात्री, सगळं आवरल्यावर, अंथरुणात, दिवसभर आकडे बघून थकलेल्या डोळ्यांनी. त्या वेळी पाच पानांत झोप येते आणि दोष पुस्तकावर जातो, नाहीतर स्वतःवर. आणखी एक अगदी साधी गोष्ट. चाळिशीनंतर जवळचं बघताना डोळ्यांना ताण पडू लागतो, कारण डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं. जाड कादंबऱ्या परवडाव्यात म्हणून बारीक टायपात छापतात, ओळी चिकटलेल्या असतात, आतला समास इतका अरुंद की पुस्तक दोन्ही हातांनी फाकवून धरावं लागतं. कॉम्प्युटरवर अक्षर मोठं करता येतं, कादंबरीत नाही. गेल्या दोन वर्षांत डोळे तपासले नसतील तर आधी तपासून घ्या. वाचनाचा चष्मा लागला आणि ‘पुस्तकात मन रमत नाही’ ही तक्रार निम्मी गेली, असं मी माझ्या ओळखीच्या कित्येक बायकांच्या बाबतीत पाहिलं आहे. मग सकाळी चहाबरोबर वीस मिनिटं किंवा सुट्टीच्या दिवशी दुपारी तास, असा ताज्या डोळ्यांचा वेळ पुस्तकाला द्या. फोन दुसऱ्या खोलीत.

आईंच्या नियमाबद्दल जपून बोलायला हवं. पानात वाढलेलं टाकायचं नाही, हे त्यांच्या पिढीनं टंचाईच्या दिवसांत शिकलेलं होतं, आणि पुस्तकालाही तोच मान देणारी आई तुम्हाला मिळाली ही भाग्याची गोष्ट आहे. पण टाकलेलं अन्न नासतं, अर्धवट सोडलेलं पुस्तक नासत नाही. ते दुसऱ्याच्या हातात जातं, नाहीतर दहा वर्षांनी पुन्हा तुमच्याच हातात येतं आणि कधी कधी तेव्हा चटकन उघडतं. आणि एक आठवून पाहा. तुमच्या आई वाचनालयातून आणत होत्या ना पुस्तकं? मग पुस्तक बदलायची मुदत ठरलेली असायची. मुदतीत पूर्ण झालं नाही म्हणून परत केलेली पुस्तकं त्यांच्याही हातून गेली असणार. वाचनालयानं ती सोय सगळ्यांनाच करून दिलेली असते, नियम न मोडता पुस्तक सोडून देण्याची.

पैशांचं दुःखही त्यातच आहे. स्वतःच्या कष्टाचे, त्यातून मैत्रिणींनी घातलेले २,४०० रुपये, म्हणजे प्रत्येक पुस्तकानं त्याची किंमत वसूल करून दिली पाहिजे असं वाटणं साहजिक आहे. त्या ओझ्याखाली वाचलं की पुस्तक परीक्षेला बसल्यासारखं होतं आणि आपणही. तुमच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयांपैकी एक. अनामत आणि वर्गणी भरा, देवघेवीच्या काउंटरवरून पुस्तक आणा, तीस-चाळीस पानं वाचा. ज्याची ओढ लागेल ते भिशीच्या पैशांतून विकत घ्या. मग कपाटात येणारं प्रत्येक पुस्तक आधीच ओळखीचं झालेलं असेल. काउंटरवरच्या माणसाशी बोलायची सवयही ठेवा. वर्षानुवर्षं कोण काय परत आणून देतं, आणि देताना काय म्हणतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

प्लास्टिकमधलं पाचवं पुस्तक उघडा. कथासंग्रह आहे म्हणता, मग पहिल्या कथेपासून सुरू करायलाच हवं असं नाही. अनुक्रमणिका बघा, जे नाव बोलावेल ती कथा वाचा. एक वाचली तरी त्या दिवसापुरतं एक पूर्ण वाचन झालं. वाचून झाल्यावर एका वहीत दोन-तीन ओळी लिहा, पण ‘आवडली’ आणि ‘नाही आवडली’ हे शब्द न वापरता. कुठे थांबावंसं वाटलं, कुणाचं बोलणं खरं वाटलं नाही, कुठलं वाक्य परत वाचलं, असं. तुमच्या पत्रात हे तुम्ही चार पुस्तकांसाठी केलेलंच आहे, फक्त तक्रारीच्या सुरात. वर्षभर अशी वही ठेवलीत तर पुढची चिठ्ठी निघेल तेव्हा दुसऱ्यांना विचारून यादी करावी लागणार नाही.

राहिली भिशी. ‘छान आहेत सगळी’ हे बोलून झालंय, त्यासाठी आता माफी वगैरे मागायची गरज नाही. पुढच्या भेटीत विषय पुन्हा काढा. ज्या मैत्रिणीचं ‘कोसला’ लाडकं आहे तिला एकटीला गाठू नका, सगळ्यांच्यात विचारा, म्हणजे इतर जणीही बोलत्या होतील. ‘कोसला बोअर आहे’ असं म्हणालात तर ती दुखावेल आणि बोलणं तिथेच संपेल, कारण त्या पुस्तकात तिचं विशीतलं काहीतरी अडकलेलं असणार. असं म्हणा: ‘मी साठाव्या पानावर थांबले, त्याचं ते तेच तेच बोलणं मला सोसेना. तू वाचलंस तेव्हा कुठे होतीस? तुला कुठल्या पानावर ते आपलं वाटलं, तेवढं काढून वाचून दाखव ना.’ आणि ती वाचत असताना मध्ये बोलू नका. आपल्या आवडीचं पान कुणी मोठ्यानं वाचून दाखवतं तेव्हा त्या माणसाबद्दल जे कळतं ते एरवी वर्षभराच्या भेटींत कळत नाही. तुम्हाला पुस्तक तरीही आवडणार नाही कदाचित.

तिचा चेहरा उतरलाच, तर ‘मृत्युंजय’ची गोष्ट सांगा. स्वतःचंच लाडकं पुस्तक शंभराव्या पानावर ठेवून द्यावं लागलं तेव्हा कसं वाटलं, ते मला लिहिलंत तसंच तिलाही सांगा. मला खात्री आहे, आठ जणींपैकी आणखी तिघी-चौघी तरी आपापलं असं एखादं पुस्तक सांगायला लागतील.